चर्चचं जुनं दप्तर ग्रंथालयात देताना: कपाट उघडण्यापासून पोचपावतीपर्यंत

नाताळाआधी चर्चला रंग काढायचं ठरलं की पाळकांच्या खोलीतलं कपाट रिकामं होतं आणि जुन्या वह्यांचं काय करायचं हा प्रश्न निघतो. सोलापूर आणि आसपासच्या मंडळ्यांतून (म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समूहांतून), जुन्या मिशन शाळांतून, लोकांच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकांतून मिशन-इतिहास सांभाळणाऱ्या ग्रंथालयाकडे जे कागद येतात, ते बहुतेक वेळा तीनपैकी एका प्रकारे बिघडून येतात. विषयवार गठ्ठे लावून, लॅमिनेट करून, किंवा नुसत्या पेन ड्राइव्हवर आणि मूळ कागद रद्दीवाल्याकडे. तिन्ही वेळा हेतू चांगला असतो, क्रम चुकलेला असतो.

क्रम असा: मालकी, जागेवरचे फोटो, धोक्याचं सामान बाजूला, सफाई, यादी, बांधणी, मग स्कॅन, मग सुपूर्त. मोबाइल काढून स्कॅन करायला सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो सातव्या टप्प्यापर्यंत आवरायचा.

## तयारी: हंगाम, जागा, सामान

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा हंगाम धरा. आपल्याकडे पाऊस कमी, त्यातला बराचसा सप्टेंबरात. त्या दिवसांत कागद दमट असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीतला जुना कागद पापडासारखा होतो, घडी उलगडली की तुकडा हातात. जतनाबद्दलचे पुष्कळसे सल्ले मुंबई-कोकणाची हवा गृहीत धरून दिलेले असतात आणि बुरशीवर भर देतात. सोलापुरात बुरशी ही गळक्या स्लॅबखालच्या कपाटापुरती. इथला खरा त्रास म्हणजे ठिसूळपणा, धूळ आणि वाळवी.

जागा अशी हवी की मोठं टेबल दोन-तीन आठवडे कोणी हलवणार नाही. रविवारी संडे स्कूलला लागणारी खोली नको. टेबलावर साधा पांढरा कागद अंथरा. सोलापुरी चादर अंथरायची सवय इथं सोडा: रंग उतरतो, तंतू पानांत अडकतात. टेरी टॉवेलचंही तेच.

सामान फार महाग नाही. मऊ केसांचे रुंद ब्रश दोन, टू-बी पेन्सिली, खोडरबर, एन-९५ मास्क, मोजपट्टी, पांढरी सुती नाडी, आम्लमुक्त कागद आणि फोल्डर, आणि मांजरपाट. मांजरपाट आणल्यावर दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा, कारण खळ म्हणजे कसरीला मेजवानी. लाल किंवा भगवं कापड पोथीला शोभतं, पण पाणी लागलं की रंग कागदात शिरतो, म्हणून पांढरंच घ्या. आम्लमुक्त कागद सोलापुरात सहज मिळत नाही. पुण्या-मुंबईहून मागवायला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर आधी द्या आणि कपाट नंतर उघडा.

टेबलावर चालणार नाही: बॉलपेन, चिकटपट्टी, स्टेपलर, रबरबँड, फेविकॉल, पाण्याची बाटली, चहा.

## टप्पा १: कागद कोणाचे, ते आधी ठरवा

घरातली आजोबांची डायरी आणि पत्रं घरची. ती कोणाला द्यायची हे घरच्यांनी ठरवायचं. पण आजोबा पाळक किंवा पंच होते म्हणून घरी राहिलेलं इतिवृत्ताचं पुस्तक घरचं नसतं, ते मंडळीचं. ते थेट ग्रंथालयात देऊ नका. आधी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीला दाखवा, ठराव करून घ्या.

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या वेगळ्या धरा. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालची विवाहनोंदवही हे कायदेशीर दप्तर आहे. लोकांना आजही तिच्यावरून दाखले लागतात. ती मंडळीकडेच राहते, ग्रंथालयाला तिची प्रत जाते. मूळ वही उत्साहाच्या भरात दिली की पुढच्या पाळकांना दाखला देता येत नाही आणि मग ती परत मागण्यावरून कटुता येते.

तपासा: लेखी ठराव हातात आहे का? त्यात काय द्यायचं, मूळ की प्रत, आणि कोण सही करणार, हे तिन्ही आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा २: हात लावण्याआधी फोटो

कपाट उघडा आणि थांबा. प्रत्येक फळीचा समोरून एक फोटो, गठ्ठ्यांच्या वरून एक फोटो. फळ्यांना क, ख, ग अशी अक्षरं द्या आणि डावीकडून उजवीकडे गठ्ठ्यांना नंबर. ही चिठ्ठी गठ्ठ्यावर सैल ठेवायची, चिकटवायची नाही.

हे कशासाठी, ते एका उदाहरणाने सांगतो. इतिवृत्ताच्या पुस्तकात दोन पानांच्या मध्ये एक सुटं पत्र असतं. त्यावर ना तारीख, ना पूर्ण नाव. फक्त ‘सप्रेम सलाम’ आणि शाळेच्या इमारतीच्या दुरुस्तीची गोष्ट. ते ज्या पानात आहे त्या पानावर त्याच दुरुस्तीचा ठराव असतो, तारखेसकट. पत्राचं वय, कारण आणि कोणाला लिहिलं, तिन्ही त्या जागेवरून कळतं. तुम्ही ते उचलून ‘पत्रव्यवहार’ नावाच्या गठ्ठ्यात टाकलंत की ते कायमचं मुकं झालं. म्हणून विषयवार लावणी नको, वर्षवारही नको. ज्या क्रमाने मिळालं तोच क्रम. आत सापडलेल्या सुट्या कागदावर पेन्सिलीने बारीक ‘पान अमुक-तमुकच्या मध्ये’ एवढं लिहा आणि तो तिथंच राहू द्या.

## टप्पा ३: धोक्याचं सामान बाजूला काढा

चार गोष्टी बाकीच्या दप्तरापासून त्याच दिवशी वेगळ्या करायच्या.

ओलसर किंवा बुरशी आलेलं. बुरशी वाळल्याशिवाय झटकू नका, चोपडली जाते. सावलीत, पंख्याच्या झोतात न ठेवता, खोलीत हवा खेळती ठेवून वाळवा. उन्हात वाळवणं ही आपल्याकडची सगळ्यात आवडती चूक आहे. शाई उडते आणि कागद आणखी ठिसूळ होतो.

जिवंत कीड असलेलं. पानांवर ताजी भुकटी पडत असेल, मातीच्या नळ्या दिसत असतील तर ते पुस्तक जाड प्लास्टिक पिशवीत हवाबंद करा. पर्याय असेल तर उणे १८ अंश किंवा त्याखालच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर आतल्या कागदावर दव धरतं. फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि ओले कागद फ्रीझरमध्ये घालायचे नाहीत. भिंतीतच वाळवी असेल तर आधी भिंतीचा बंदोबस्त. कागद स्वच्छ करून त्याच कपाटात ठेवण्यात अर्थ नाही.

जुन्या फिल्मच्या निगेटिव्ह. १९५०च्या सुमाराच्या आधीची लवचीक फिल्म नायट्रेटची असू शकते. ती पिवळट-तपकिरी, चिकट झाली असेल आणि झोंबरा वास येत असेल तर बंद डब्यात कोंडून ठेवू नका. ती भयंकर पेट घेते आणि सडलेली असली तर कडक उन्हाळ्याच्या उष्णतेनेही धोका असतो. बाकी कागदांपासून दूर, थंड आणि हवेशीर जागी ठेवून ग्रंथालयाला आधी फोन करा.

काचेच्या प्लेट. आडव्या एकावर एक रचल्या की खालची तडकते. लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, प्रत्येकीला वेगळं कागदी पाकीट.

सावधान: जुन्या कपाटांत पांढरी पावडर पसरलेली असते. ती पूर्वी मारलेली कीटकनाशकं असू शकतात. मास्क आणि हातमोज्यांशिवाय हात घालू नका, लहान मुलांना मदतीला बोलावू नका. आणि नवीन डांबरगोळ्या टाकू नका. वासाशिवाय फारसं काही पदरात पडत नाही. कडुलिंबाचा पाला पानांत ठेवायची पद्धत जुनी आहे, पण त्याचा चुरा आणि डाग मी पुष्कळ पुस्तकांत पाहिले आहेत.

## टप्पा ४: सफाई, तीही हात राखून

ब्रश पाठीच्या शिवणीकडून कडेकडे, एका दिशेने. पान उलटताना वरच्या कोपऱ्याखाली बोट सरकवून. थुंकी लावून पान उलटणाऱ्या ज्येष्ठांना प्रेमाने टेबलापासून दूर बसवा, नावं ओळखायच्या कामाला त्यांची नंतर फार गरज लागते. कागदासाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हात पुरतात. हातमोजे फक्त फोटो आणि निगेटिव्हसाठी, कारण मोज्यांत ठिसूळ कडा जाणवत नाही.

गंजलेल्या टाचण्या, स्टेपलच्या पिना दिसतील. सहज निघत असेल तर मागचे दात बोथट सुरीने सरळ करून काढा. कागदाला धरून बसली असेल तर राहू द्या. चिकटपट्टी ओढू नका. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर काचेसकट ठेवा.

इथं थांबा. दुरुस्ती हा तुमचा टप्पाच नाही. फाटलेलं पान फाटलेलंच फोल्डरमध्ये ठेवा. घडी पडलेल्या दाखल्यावर इस्त्री फिरवणं, कॅलेंडरच्या कागदाचं अस्तर चिकटवणं, लॅमिनेट करणं, या तिन्ही गोष्टींनी झालेलं नुकसान परत फिरत नाही. लॅमिनेशन तर सगळ्यात वाईट. आतला आम्लाचा कागद कुजतच राहतो आणि वरचं प्लास्टिक सोलताना शाई घेऊन येतं.

## टप्पा ५: नंबर आणि यादी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

नंबर पेन्सिलीने, कागदाच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात. फोटोच्या मागं लिहिताना फोटो कडक सपाट जागी ठेवा आणि अगदी हलक्या हाताने लिहा. नंबरात फळीचं अक्षर, गठ्ठा आणि वस्तू एवढं पुरे: ख/३/१२.

यादीतली ओळ कशी हवी? नेहमी येते ती अशी: ‘जुने रजिस्टर, १ नग.’ याचा कोणालाच उपयोग नाही. हवी ती अशी: ‘ख/३/१२. इतिवृत्ताचं पुस्तक. शाईत, मराठी, शेवटची काही पानं इंग्रजी. कापडी पाठ सुटलेली. पहिली नोंद व शेवटची नोंद अमुक तारखांची. मधली काही पानं कापलेली. आत तीन सुटी पत्रं, जागा नोंदवली.’ तारखा पहिल्या आणि शेवटच्या नोंदीवरून घ्या, मुखपृष्ठावरून नको. एक वही दुसऱ्या कामाला वापरायची पद्धत सर्रास होती. तारीख कळत नसेल तर ‘तारीख नाही’ लिहा. अंदाज द्यायचा तर चौकटी कंसात द्या आणि कशावरून ते लिहा. मोडीतला मजकूर वाचता येत नसेल तर ‘मोडी’ एवढी नोंद पुरे.

नावं जशी लिहिली आहेत तशीच उतरवा. ‘शोलापूर’ असेल तर शोलापूर. एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्यात एक, शाळेच्या हजेरीत दुसरं आणि मिशनच्या इंग्रजी अहवालात तिसरंच असतं. त्यांची सांगड घालणं हे संशोधकाचं काम, यादी करणाऱ्याने ‘सुधारून’ लिहिलं की धागा तुटतो.

### कोणत्या मिशनचा कागद?

यादीत हा एक रकाना हवाच, आणि चुका सर्वांत जास्त याच रकान्यात होतात. लोक सरसकट ‘अमेरिकन मिशन’ लिहून मोकळे होतात. आपल्या भागात मुख्य अमेरिकन मिशनं दोन होती.

सोलापूरचं काम अमेरिकन मराठी मिशनचं. ही अमेरिकन बोर्डाची (परदेशात मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन संस्थेची) शाखा, मंडळीची पद्धत काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहणारी. मुंबईत १८१३पासून, नगरला १८३१पासून, सोलापुरात १८६०च्या दशकात. कोल्हापूर, सांगली, मिरज हा पट्टा प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या सभांनी मंडळ्यांचा कारभार चालवण्याची पद्धत. मिरजेत डॉ. वानलेस यांचं रुग्णालय १८९४चं. पण इथंही गोम आहे. कोल्हापूरला १८५२ साली गेलेले मिशनरी रॉयल वाइल्डर मूळचे अमेरिकन बोर्डाचे. नंतर ते काही काळ स्वतंत्र होते आणि प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे काम आलं ते १८७०मध्ये. म्हणजे कोल्हापूरचा १८७०च्या आधीचा कागद दिसला तर त्यावर ‘प्रेस्बिटेरियन’ असा शिक्का मारू नका.

याचा व्यवहारात फरक पडतो. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. प्रेस्बिटेरियन मिशनची फिलाडेल्फियातल्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. सोलापूरच्या शाळेचा अहवाल फिलाडेल्फियाला शोधत बसणारे लोक आहेत. ईमेल लिहून महिनोन्महिने वाट बघतात आणि मग ‘काही राहिलंच नाही’ असा समज करून घेतात.

१९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. त्यानंतर एकाच कपाटात दोन्हीकडचे कागद मिसळतात: चर्च कौन्सिल, सिनोड, जनरल असेंब्ली या मंडळ्यांवरच्या सभांची परिपत्रकं, मिरजेहून आलेला सभासदत्वाचा दाखला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर शिक्के आणि लेटरहेड पुन्हा बदलले. जुनी लेटरहेड संपेपर्यंत वापरायची काटकसर आपल्याकडे असतेच, म्हणून नुसत्या लेटरहेडवरून साल ठरवू नका, मजकूर वाचा.

आणखी एक फरक पाळा: मिशनचा कागद वेगळा, मंडळीचा वेगळा. मिशनऱ्यांच्या बैठकीचं इतिवृत्त हे बंगले, पगार, शाळा आणि दवाखान्यांबद्दल असतं आणि त्याच्या प्रती परदेशी बोर्डाकडे जात. पंचांच्या सभेचं इतिवृत्त सभासदांबद्दल असतं, आणि ते बहुधा जगात एकाच जागी असतं, तुमच्या टेबलावर. वेळ आणि पैसा कमी पडत असेल तर आधी हे वाचवा. मिशनचे छापील वार्षिक अहवाल दिसायला देखणे असतात आणि लोक त्यांनाच जास्त जपतात, पण त्यांच्या प्रती इतरत्र सापडू शकतात.

तपासा: यादी दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि कुठलेही पाच नंबर शोधायला सांगा. पाचही मिनिटभरात सापडले तर पुढं जा.

## टप्पा ६: बांधणी

सुटे कागद आम्लमुक्त फोल्डरमध्ये, एका फोल्डरात साधारण बोटभर जाडीपेक्षा जास्त नको. वर्तमानपत्राची कात्रणं स्वतंत्र, कारण त्यांचा पिवळेपणा शेजारच्या पानाला लागतो. पाठ सुटलेली पुस्तकं मांजरपाटात गुंडाळून नाडीने बांधा, गाठ कडेवर नको, सपाट बाजूला. रुमालात दप्तर बांधायची आपली जुनी पद्धत उत्तम होती, धूळ अडते आणि हवाही खेळते. जाड, मोठ्या वह्या आडव्या ठेवा, दोनपेक्षा जास्त एकावर एक नकोत.

खोकं जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, पत्र्याखाली नाही. बाप्तिस्मा-कुंडाजवळची किंवा पाण्याच्या टाकीखालची खोली मोकळी मिळते म्हणून घेऊ नका.

## टप्पा ७: आता स्कॅन

वह्यांसाठी सपाट स्कॅनरपेक्षा वरून फोटो घेणारा कॅमेरा बरा, कारण काचेवर पालथी दाबली की पाठ मोडते. मजकुरासाठी किमान ३०० डीपीआय, फोटोंसाठी ६००. मूळ फाइल टिफमध्ये, रोजच्या वापराला जेपेग. रंगीतच घ्या, काळं-पांढरं नको. पेन्सिलीच्या दुरुस्त्या आणि दुसऱ्या शाईतल्या खाडाखोडी रंगातच वेगळ्या दिसतात. कोरी पानंसुद्धा घ्या, नाहीतर पान गाळलं की कोरं होतं हे कळत नाही. फ्लॅश बंद, उजेड दोन्ही बाजूंनी. फाइलचं नाव यादीतल्या नंबरावरूनच.

मोबाइलवरची स्कॅन करणारी ॲप पान ‘स्वच्छ’ करतात आणि त्यात फिकी शाई गायब होते. ती सुविधा बंद करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे, तो आकुंचन पावलेला असतो.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक सोलापूरबाहेर. वर्षातून एकदा तिन्ही उघडून बघायच्या.

## टप्पा ८: सुपूर्त करणं

न्यायच्या आधी ग्रंथालयाशी बोलून चार गोष्टी लेखी ठरवा: देणगी की ठेव (मालकी तुमचीच, कागद फक्त तिथं ठेवलेले), वाचायला कोणाला मिळणार, इंटरनेटवर जाणार का, आणि ग्रंथालय बंद झालं किंवा हललं तर कागद कुठं जाणार. चौथा मुद्दा कोणी काढत नाही, कारण तो अपशकुनी वाटतो. काढा. लहान संग्रह एका माणसाच्या निवृत्तीनंतर बंद पडतात.

दुसऱ्या मुद्द्याला आणि तिसऱ्याला वेळ द्या. पंचांच्या इतिवृत्तात शिस्तीची प्रकरणं असतात: नवराबायकोची भांडणं, दारू, कर्ज, कोणाला सहभागितेपासून (प्रभुभोजनापासून) दूर ठेवलं. काही जुन्या नोंदवह्यांत पूर्वीची जात लिहिलेली असते. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत मिशनकडे आलेल्या अनाथ मुलांच्या नोंदी असू शकतात. सोलापुरात आणखी एक गोष्ट: काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या, ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या इथल्या सेटलमेंटशी (सक्तीच्या वसाहतीशी) मिशनचा संबंध होता. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण त्या वसाहतीतल्या कुटुंबांची नातवंडं-पतवंडं याच शहरात राहतात. आडनावासकट असं पान फेसबुकवर टाकणं हे इतिहासप्रेम नव्हे. अशा वस्तूंपुढं यादीतच ‘मर्यादित’ लिहा, मुदत ठरवा, आणि मुदत संपेपर्यंत अभ्यासकाला अर्ज करून, नावं न छापण्याच्या अटीवर पाहता येतील असं देणगीपत्रात घाला.

वाहतूक स्वतः करा. एसटीच्या पार्सलने किंवा टपावर नाही. खोकी ताडपत्रीत, गाडीत आडवी, आणि रस्त्यात उन्हात उभी गाडी बंद करून जेवायला जाऊ नका.

तिथं पोचल्यावर यादीच्या दोन प्रतींवर नंबरागणिक खूण करून दोघांच्या सह्या घ्या. ‘दोन खोकी मिळाली’ अशी पोचपावती घेऊ नका. तुमची सहीची प्रत पंच कमिटीच्या पुढच्या सभेत मांडून तिचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, नंबरांसकट. पाळक बदलतात, सेक्रेटरी बदलतात, आणि दहा वर्षांनी कोणीतरी विवाहाची नोंद शोधत येतं तेव्हा मूळ वही कपाटात आहे आणि प्रत ग्रंथालयात आहे, हे सांगायला तेवढंच पान असतं.